सहा करणारे, सहा ऐकणारे

ई. कोलाय हा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो. भाडे देत नाही. थोडेसे के जीवनसत्त्व बनवून देतो, तेच भाडे समजून आपण गप्प बसायचे. १८८५ साली थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाला तो तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला आणि पुढे लोकांनी एशेरिशचे आडनाव त्याला कायमचे चिकटवून टाकले. आडनाव अमर करण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यातला हा फारसा सुवासिक नसेल, पण टिकाऊ निघाला खरा.

प्रयोगशाळेत पोषक द्रव मिळाला आणि ऊब बरोबर असली तर हा जीव वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आमच्याकडे वीस मिनिटांत चहा उकळून, गाळून, त्यात साखर कमी आहे की नाही यावर एकमतही होत नाही. इतक्या लगबगीने वाढायचे म्हणजे आरएनए भराभर लिहायला हवा. आरएनएची अक्षरे चार. त्यांतली दोन, सी आणि यू, पिरिमिडीन घराण्यातली. ती बाहेरून आयती मिळाली तर उत्तम, नाही तर जिवाणू घरीच करतो. कृतीची सुरुवात अशी, की अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल घ्यायचे आणि त्याला कार्बामायल फॉस्फेटमधला कार्बामायल गट जोडायचा. ही जोडणी करणाऱ्या एन्झाइमचे नाव अ‍ॅस्पार्टेट ट्रान्सकार्बामायलेज. आपण ते नाव न अडखळता उच्चारेपर्यंत त्याची शेकडो कामे उरकून झालेली असतात. म्हणून यापुढे एटीसीएज.

कामाबद्दल मला त्याचे विशेष कौतुक नाही. काम सगळीच एन्झाइमे करतात. मला हेवा वाटतो तो त्याच्या थांबण्याचा.

१९५६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला रिचर्ड येट्स आणि आर्थर पार्डी यांच्या लक्षात आले, की ई. कोलायला युरॅसिल, म्हणजे वरचे यू, बाहेरून दिले की तो स्वतः पिरिमिडीन करणे आवरते घेतो. त्याच वर्षी एडविन अम्बार्गर यांनी आयसोल्यूसीन या अमिनो आम्लाच्या बाबतीत असेच काही दाखवले. शेवटी तयार होणारा माल पुरेसा साठला की तोच मागे येऊन अगदी पहिल्या पायरीवर काम अडवतो. पहिल्याच पायरीवर का, हे सांगायला बायोकेमिस्ट लागत नाही. शेवटच्या पायरीवर अडवले तर मधल्या सगळ्या पायऱ्यांवर अर्धवट झालेला, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला माल पडून राहील. ज्यांच्या घराचे बांधकाम एकदा तरी प्लास्टरपर्यंत येऊन अडले आहे, त्यांना हे लगेच पटेल.

पार्डींचा विद्यार्थी जॉन गेरहार्ट याने मग नेमका अडवणारा कोण ते शोधले. तो निघाला सीटीपी, म्हणजे सी अक्षराचा, या रांगेतला शेवटचा रेणू. इथपर्यंत सगळे सरळ होते. घोटाळा पुढे झाला. सीटीपी दिसायला ना अ‍ॅस्पार्टेटसारखा, ना कार्बामायल फॉस्फेटसारखा. त्या काळची समजूत अशी होती, की एन्झाइमला अडवायचे तर त्याच्या कच्च्या मालासारखे दिसणारे काहीतरी त्याच्या कामाच्या जागेत जाऊन बसले पाहिजे. सीटीपीला त्या जागेत बसण्याची सोय नाही. तरी अडवणे चालूच. त्यात आणखी गंमत म्हणजे अ‍ॅस्पार्टेट भरपूर ओतले की सीटीपीची मात्रा चालेनाशी होते, जणू दोघे एकाच जागेसाठी भांडताहेत.

लग्नाच्या पंगतीत बसलेल्या माणसाला हे कोडे तितके अवघड वाटू नये. वाढपी जिलबीचे ताट घेऊन येतो. आता थांबवायचे दोन मार्ग. एक म्हणजे पानावर दोन्ही हात आडवे धरायचे. जिथे जिलबी पडायची तीच जागा अडवायची. याला बळ लागते, आणि वाढपी चपळ असला तर तो बोटांच्या फटीतूनही एक टाकतोच. दुसरा मार्ग बसल्या जागी कुणाला दिसतही नाही. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला खांबाशी टेकून एक आजी बसलेली असते. ती पानाला हात लावत नाही, वाढप्याशी बोलत नाही, फक्त एकदा त्याच्याकडे बघते. तो ओळीच्या मध्यावर पाय मागे घेतो. आग्रह करकरून ज्याचा घसा बसला आहे तो यजमानसुद्धा मग तिथून पुढे 'घ्या की एक' म्हणत नाही. सीटीपी आहे तो या आजीच्या जातीचा.

पण आजी आहे हे सिद्ध कसे करायचे? गेरहार्टने एटीसीएज थोडे तापवून पाहिले, पाऱ्याची संयुगे घालून पाहिली. आणि विलक्षण गोष्ट घडली. एन्झाइमचे काम बंद पडले नाही, उलट वाढले. बंद पडले ते त्याचे ऐकणे. सीटीपी कितीही घाला, ढिम्म परिणाम नाही. ज्या अर्थी ऐकणे नाहीसे होऊनही करणे शाबूत राहते, त्या अर्थी ऐकण्याची जागा वेगळी आणि करण्याची वेगळी. गेरहार्ट आणि पार्डींचा हा निबंध १९६२ मध्ये आला.

साधारण त्याच सुमारास पॅरिसमध्ये जीवशास्त्रज्ञ झाक मोनो याच विचाराने झपाटलेले होते. त्यांच्या सहकारी आन्येस उलमान यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की १९६१ च्या अखेरीस एका संध्याकाळी मोनो दमल्या चेहऱ्याने प्रयोगशाळेत आले आणि जीवनाचे दुसरे रहस्य आपल्याला सापडले आहे असे वाटते म्हणाले. त्यांचा अवतार पाहून उलमानबाईंनी आधी व्हिस्की हवी का ते विचारले. ते रहस्य म्हणजे हेच, की प्रथिनाच्या एका जागी कुणी बसले तर दूरच्या दुसऱ्या जागेची वागणूक बदलते. पहिले रहस्य डीएनए, असा हिशेब असावा. रहस्यांना क्रमांक देणाऱ्या माणसाला व्हिस्की विचारणे हा मला अत्यंत समंजस प्रतिसाद वाटतो.

बर्कलीलाच हॉवर्ड शॅकमन नावाचे प्राध्यापक होते. रेणू प्रचंड वेगाने गरगर फिरवून ते किती लवकर तळाशी जातात यावरून त्यांचे आकारमान काढणे, हा त्यांचा हातखंडा. गेरहार्ट आणि शॅकमन यांनी पारा घातलेले एटीसीएज सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, तेव्हा एकच एक जड रेणू खाली जाण्याऐवजी दोन वेगवेगळ्या वजनांचे तुकडे दिसले. मोठा तुकडा काम करी, पण सीटीपीला जुमानत नसे. लहान तुकडा सीटीपीला धरून ठेवी, पण कामाच्या नावाने शून्य. पारा काढून टाकला की दोघे पुन्हा एकत्र येत आणि एन्झाइम पूर्वीसारखे आज्ञाधारक होई. १९६५ सालचा हा प्रयोग मला फार आवडतो. त्यात यंत्र महागडे आहे, पण युक्तिवाद कुणाच्याही आवाक्यातला आहे.

तुकड्यांची मोजदाद मात्र सुरुवातीला चुकली होती. क्लाउस वेबर यांनी १९६८ मध्ये ती सरळ केली. एकूण साखळ्या बारा. सहा मोठ्या, काम करणाऱ्या, तिघी-तिघींच्या दोन त्रिकुटांत. सहा लहान, ऐकणाऱ्या, दोघी-दोघींच्या तीन जोड्यांत. दोन त्रिकुटे एकावर एक ठेवलेली आणि भोवतीने तीन जोड्यांनी त्यांना सांधलेले. दर ऐकणाऱ्या साखळीत जस्ताचा एक अणू सिस्टीन या अमिनो आम्लाच्या चार रेणूंनी घट्ट धरलेला असतो आणि त्याच्याजवळच तिचा करणाऱ्या साखळीशी सांधा असतो. पाऱ्याला सिस्टीनमधल्या गंधकाची भारी ओढ. तो आला की जस्त जाते, सांधा निखळतो. गेरहार्टच्या पाऱ्याने नेमके काय केले होते, ते जस्ताचा पत्ता लागल्यावर, काही वर्षांनी कळले.

बारांपैकी सहा जणी काहीही करत नाहीत, या गोष्टीवर मी बराच वेळ रेंगाळतो. एखाद्या कार्यक्षमता-तज्ज्ञाला हे एन्झाइम दाखवले तर तो पहिल्याच बैठकीत ऐकणाऱ्या सहा जणींना घरी पाठवेल. आणि त्याच्याकडे आकडे असतील! त्या गेल्या की काम खरोखरच वाढते, हे गेरहार्टने दाखवलेलेच आहे. अ‍ॅस्पार्टेट थोडे असताना तर फारच वाढते. अहवाल झकास होईल. फक्त पेशीत पिरिमिडीनचा ढीग लागेल आणि त्यापायी प्रथिनांसाठी राखलेले अ‍ॅस्पार्टेट खर्ची पडेल. पण तोवर तज्ज्ञ पुढच्या कंपनीत गेलेला असेल.

तज्ज्ञाची बाजूही सांगितली पाहिजे. बॅसिलस सबटिलिस नावाचा दुसरा एक जिवाणू आहे, ज्याच्या मदतीने जपानी लोक सोयाबीनचे नाट्टो करतात. त्याच्या एटीसीएजमध्ये नुसते एक त्रिकूट असते. ऐकणाऱ्या साखळ्या नाहीतच. सीटीपीने त्याला काही फरक पडत नाही. हा गडी एन्झाइम किती बनवायचे ते जनुकाच्या पातळीवर ठरवतो, आणि अन्न संपून वाढ थांबली की बनवलेले एन्झाइम मोडीत काढतो. हाही संसार नीट चालला आहे. आपल्या माणसांच्या पेशींत तर तऱ्हाच निराळी. पहिली तीन एन्झाइमे एकाच लांबलचक साखळीत ओवलेली असतात आणि यू अक्षराचा यूटीपी येऊन त्यांतल्या एटीसीएजच्याही आधीच्या पायरीला अडवतो. तेव्हा ई. कोलायची रचना अटळ होती असे कुणी म्हणू नये. ती एक आवड आहे, आणि माझीही.

आता खरी मौज. ऐकणारी साखळी ऐकते म्हणजे काय करते?

हे पाहायला स्फटिक लागले आणि हार्वर्डचे विल्यम लिप्सकोम्ब लागले. केंटकीत वाढलेले, क्लॅरिनेट उत्तम वाजवणारे आणि १९७६ चे रसायनशास्त्राचे नोबेल बोरॉनच्या संयुगांसाठी मिळवलेले. म्हणजे ज्यात नोबेल मिळाले ते एक, आणि वर्षानुवर्षे चिकाटीने क्ष-किरणांखाली धरलेले हे एन्झाइम दुसरेच. त्यांच्या गटाने हळूहळू या रेणूची दोन रूपे उभी केली. एक ताठ, दुसरे सैल. ताठ रूपात काम मुश्किलीने होते, सैल रूपात जोरात.

करणाऱ्या प्रत्येक साखळीचे दोन भाग असतात. एक कार्बामायल फॉस्फेटला धरतो, दुसरा अ‍ॅस्पार्टेटला. काम व्हायचे तर हे दोन भाग मिटून जवळ यायला हवेत. पण ताठ रूपात दोन्ही त्रिकुटे एकमेकींना अशी खेटून असतात की कुणालाही मिटायला जागाच नाही. प्रत्येक साखळीतला एक वळसा समोरच्या त्रिकुटातल्या साखळीच्या तशाच वळशात गुंतलेला असतो. मिटायचे तर तो गुंता सुटला पाहिजे. गुंता सुटायचा तर त्रिकुटे लांब सरकली पाहिजेत. आणि त्रिकूट सरकले तर एकीसाठी सरकत नाही, तिघींसाठी सरकते. समोरच्या तिघीही मोकळ्या होतात. म्हणून इथे एकटीचा कारभार नाही. शिवाय कामाची जागाही कुणाच्या एकटीच्या मालकीची नाही. ती दोन शेजारणींच्या सीमेवर असते आणि त्यासाठी लागणारे एक सेरीन आणि एक लायसीन शेजारणीकडून येते. असा शेजार लाभला तर मीसुद्धा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेला नियमित जाईन.

सरकण्याचे माप ऐका. त्रिकुटे सुमारे ११ अँगस्ट्रॉम दूर होतात आणि एकमेकींच्या संदर्भात १२ अंशांनी फिरतात. भोवतीच्या जोड्या १५ अंशांनी वळतात. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. पण रेणूच्या मानाने ही हालचाल प्रचंड आहे. अ‍ॅस्पार्टेट कमी असताना एन्झाइम जवळजवळ झोपलेले, आणि ते जरा वाढले की एकदम सगळे जागे, हे याचमुळे. आलेखावर ही रेघ आधी सपाट, मग चढ, मग पुन्हा सपाट अशी इंग्रजी एससारखी येते. नुसत्या त्रिकुटाची रेघ तशी येत नाही. ते आपले पहिल्यापासून राबते.

सीटीपी आणि एटीपी या दोघांनाही बसायची जागा एकच, ऐकणाऱ्या साखळीवरची. सीटीपी बसला की एन्झाइम ताठ व्हायला बघते, एटीपी बसला की सैल. एटीपी हा प्युरीन घराण्यातला, म्हणजे दुसऱ्या दोन अक्षरांपैकी एकाचा मालक. तो मुबलक आहे याचा अर्थ पेशीत ऊर्जा आहे आणि प्युरीनही आहेत, तर जोडीला पिरिमिडीन करायला हरकत नाही. एकाच जागेसाठी दोन घराण्यांची चढाओढ आणि त्यातून चारही अक्षरांचा मेळ. शॅकमन यांच्या गटाने १९७० च्या दशकात हिशेब मांडला. काहीच नसताना एका सैल रेणूमागे सुमारे अडीचशे ताठ असतात, एटीपी असताना सुमारे सत्तर, सीटीपी असताना बाराशे पन्नासच्या आसपास. आज्ञा म्हणून काही नाहीच तिथे. आहे तो नुसता कल.

यातही सीटीपीचे एकट्याचे कधी पूर्ण चालत नाही. तो कितीही असला तरी काम साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येते आणि तिथेच रेंगाळते. हे बरीच वर्षे खटकत होते. १९८९ मध्ये असे दिसले, की यूटीपी, जो एकटा असताना जवळपास काहीच करत नाही, तो सीटीपीच्या बरोबर आला की काम नव्वद टक्क्यांच्या पलीकडे थांबते. कारण सरळ आहे. सीटीपी साठला म्हणून काय झाले, यूटीपी अजून कमी असेल तर रांग चालू राहायलाच हवी. दोघेही पुरेसे झाले की मगच थांबायचे. काही माणसांचे मत स्वतंत्रपणे कुणी विचारत नाही, पण त्यांनी मान डोलावल्याशिवाय घरातला ठराव पास होत नाही, तसले हे यूटीपीचे काम.

या सगळ्यात मला मनापासून हसू आणणारी गोष्ट पीएएलए या रेणूची आहे. त्याला सगळे 'पाला' म्हणतात, झाडपाल्याशी संबंध नाही. १९७१ मध्ये किम कॉलिन्स आणि जॉर्ज स्टार्क यांनी तो मुद्दाम असा घडवला, की अ‍ॅस्पार्टेट आणि कार्बामायल फॉस्फेट दोघांचीही नक्कल एकाच अंगात. कामाच्या जागेत शिरला की निघायचे नाव नाही. एन्झाइमला कायमचे गप्प करायला याहून चांगला उपाय नव्हता, आणि पुढे कर्करोगावरचे औषध म्हणूनही तो आजमावला गेला. पण ई. कोलायच्या एटीसीएजला अ‍ॅस्पार्टेट कमी ठेवून हा विषारी पाहुणा अगदी थोडासा दिला, तर काम घटत नाही, वाढते! सहांपैकी एक-दोन जागा तो अडवतो खरा, पण तेवढ्या बसण्याने अख्खा रेणू ताठाचा सैल होतो आणि उरलेल्या जागा दुप्पट उमेदीने कामाला लागतात. अडवायला आलेल्याने नकळत सगळ्यांना उठवून बसवले. लिप्सकोम्ब यांनी सैल रूपाचा स्फटिक मिळवला तोही या पाल्याच्याच मदतीने.

एक प्रश्न तरीही पुष्कळ काळ धुमसत राहिला. सीटीपीची जागा आणि कामाची जागा यांत सुमारे ६० अँगस्ट्रॉमचे अंतर आहे. हा निरोप जातो कसा? एक पक्ष म्हणे, काही विशेष जात नाही. सीटीपी फक्त ताठ-सैलचा तोल ढळवतो, बाकी सगळे आपोआप. दुसरा पक्ष म्हणे, तोल वगैरे ठीक, पण वाटेत साखळ्यांमध्ये बारीकसारीक हालचाली होतात आणि त्याच थेट कामाच्या जागेला दाबतात. स्फटिकांत तसे फरक दिसतही होते, अँगस्ट्रॉमच्या निम्म्याएवढे. त्या अर्ध्या अँगस्ट्रॉमवर माणसांनी दशके खर्च केली. २००७ मध्ये टोरांटोच्या लुईस के यांच्या गटाने चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे स्फटिक न करता, द्रावणातच हे एन्झाइम पाहिले आणि कौल पहिल्या पक्षाकडे झुकला. एटीपी, सीटीपी तोल ढळवतात, तेवढे पुरते. त्या निबंधावर लेखक म्हणून शॅकमन यांचेही नाव होते. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी, आणि हे एन्झाइम हाती घेऊन चाळीसवर वर्षे झालेली. थांबवणारी साखळी त्यांच्यात बसवायची राहून गेली होती बहुतेक.